कंपनी एक, हजेरीपट अनेक : शिरूर-दौंड पट्ट्यातील मोठ्या तंत्रज्ञान उद्योगांतल्या कामाचा आढावा

शिरूर आणि दौंड तालुक्यांत ‘कंपनी’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. एक अर्थ रांजणगाव गणपतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा. तिथे फ्रीज, वॉशिंग मशीन, एसी, मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक सुटे भाग तयार होतात. दुसरा अर्थ खराडी, मगरपट्टा किंवा हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीचा. दोन्हीकडच्या फलकांवर जगभर ओळखली जाणारी नावे आहेत. सोयरिकीच्या बैठकीत ‘मुलगा कंपनीत आहे’ असे कोणी सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘पर्मनंट आहे का?’ मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत काम करणे म्हणजे नेमके काय, याविषयी या भागात गेली वीस-पंचवीस वर्षे जी चर्चा चालू आहे, तिचे सार या एका प्रश्नात आले आहे.

एकाच कारखान्यात, एकाच लाइनवर, एकाच रंगाच्या टोपीखाली उभ्या असलेल्या दोघांचे पगार, सुट्ट्या, उपचारांची सोय आणि उद्याची खात्री वेगवेगळी असू शकते. काम कसे आहे हे कंपनीच्या नावापेक्षा कामगाराचे नाव कोणाच्या हजेरीपटावर आहे यावरून अधिक कळते. म्हणून या आढाव्यात वसाहतीची पार्श्वभूमी, प्रत्यक्ष काम, हजेरीपटांचे प्रकार, कायद्याची चौकट, निरनिराळ्या बाजूंच्या भूमिका आणि न सुटलेले प्रश्न या क्रमाने विषय मांडला आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. पुणे जिल्ह्यात उद्योगांचा पहिला मोठा विस्तार पिंपरी, चिंचवड आणि भोसरी या पट्ट्यात झाला. पुढची वाढ चाकणच्या दिशेने आणि पुणे-नगर रस्त्याने पूर्वेकडे सरकली. या रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी आणि शिक्रापूर येथे कारखाने उभे राहिले. पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर, अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या रांजणगावाजवळ, महामंडळाने पंचतारांकित औद्योगिक वसाहत वसवली. वसाहतीभोवतीच्या कारेगाव, ढोकसांगवी या गावांचे रूप त्यानंतर पार पालटले.

त्याआधी या दोन तालुक्यांत ‘कारखाना’ म्हणजे साखर कारखाना : शिरूरमध्ये न्हावऱ्याचा घोडगंगा आणि दौंडमध्ये पाटसचा भीमा. जुनी माणसे आजही शिरूरला घोडनदी म्हणतात. या बाजारपेठेच्या आसपासचा बराच मुलूख जिरायती होता. दौंडकडे कालव्याच्या आणि भीमेच्या पाण्यावर ऊस आणि गुऱ्हाळे होती. दौंड हे रेल्वेचे जंक्शन, शिवाय राज्य राखीव पोलीस दलाचे ठिकाण. साखर कारखाना, रेल्वे, पोलीस दल आणि शाळा याच इथल्या नोकऱ्या. माणूस एकदा चिकटला की निवृत्तीपर्यंत तिथेच, अशी त्यांची ख्याती होती. नोकरीविषयीची इथली अपेक्षा या अनुभवातून घडलेली आहे. पुढे आलेल्या कंपन्यांना लोकांनी तीच फूटपट्टी लावली, हे लक्षात घेतले तर आजच्या वादातली अर्धी नाराजी समजते.

१९९१ नंतर परदेशी भांडवलाला वाट मोकळी झाली आणि रांजणगावचे नाव बाहेर पोचले. फियाटच्या भारतातील कंपनीची स्थापना १९९७ची. पुढे टाटा मोटर्सबरोबरच्या भागीदारीत रांजणगावचा मोटार कारखाना चालू लागला आणि २०१७ मध्ये तिथे जीप कंपासचे उत्पादन सुरू झाले. व्हर्लपूलचे फ्रीज इथे बनतात. कोरियाच्या एलजीने ग्रेटर नोएडानंतरचा आपला दुसरा भारतीय कारखाना २००४ मध्ये इथे काढला. चीनच्या हायरने २००७ मध्ये इथला तयार कारखाना विकत घेतला आणि पुढे त्याचा विस्तार केला. इतर कंपन्यांसाठी इलेक्ट्रॉनिक माल बनवून देणारी अमेरिकेची जाबिलही याच वसाहतीत आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहाला मंजुरी दिल्याचे जाहीर केले. जागा २९७ एकर, खर्च सुमारे ४९३ कोटी रुपये आणि त्यात केंद्राचा वाटा सुमारे २०८ कोटी. आयएफबी रेफ्रिजरेशन ही या समूहातली पहिली मोठी गुंतवणूकदार कंपनी ठरली. तळेगावसाठी चर्चेत असलेला वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातला जाणार हे त्याच्या महिनाभर आधीच जाहीर झाले होते. त्यामुळे रांजणगावच्या घोषणेची चर्चा मुख्यतः ‘किती रोजगार येणार’ या अंगाने झाली. तो रोजगार कोणत्या प्रकारचा असेल, हा प्रश्न मागे राहिला.

दौंड तालुक्यातली कुरकुंभची वसाहत रसायने आणि औषधांची आहे. तंत्रज्ञान उद्योगात जाणारे दौंडकर मुख्यतः दोन वाटांनी बाहेर पडतात : चौफुला-न्हावरे रस्त्याने रांजणगावला, नाहीतर रेल्वेने पुण्याला.

लाइनवरचा दिवस

कारखान्यातल्या कामाचा कणा म्हणजे लाइन. फ्रीजचे उदाहरण घेतले तर काम कसे वाटले जाते हे स्पष्ट होते. प्लास्टिकचा पत्रा तापवून साच्यावर ओढला जातो आणि फ्रीजची आतली पेटी तयार होते. ही पेटी आणि बाहेरचा लोखंडी पत्रा यांच्या मधल्या पोकळीत फोम भरतात. मग कंप्रेसर बसतो, तांब्याच्या नळ्यांना ब्रेझिंगने जोड दिला जातो, नळ्यांतली हवा पंपाने काढून गॅस भरला जातो, गळती तपासली जाते, फ्रीज चालवून पाहिला जातो आणि शेवटी पॅकिंग होते. आजच्या घरगुती फ्रीजमध्ये बहुधा आयसोब्युटेन असतो. तो ज्वालाग्राही असल्यामुळे गॅस भरण्याच्या जागेजवळ ठिणगी पडू नये यासाठी कडक नियम पाळावे लागतात.

प्रत्येक ठिकाणी एक माणूस आणि त्याची एक ठरलेली कृती. दर अर्ध्या मिनिटाला एक फ्रीज पुढे सरकत असेल, तर साडेसात तासांत ९०० फ्रीज हातांखालून जातात. दरवाजाचे चार स्क्रू आवळणारा कामगार एका पाळीत ३,६०० वेळा तीच हालचाल करतो. ब्रेझिंगसारख्या कामाला हातखंडा लागतो आणि त्याला बाजारात भाव आहे. स्क्रू लावण्याचे किंवा पॅकिंगचे काम दोन दिवसांत शिकता येते आणि शिकवता येते, म्हणून तिथला माणूस बदलणेही सोपे असते. लाइनवरचे कोणते ठिकाण वाट्याला आले यावरून कामगाराची पुढची दहा वर्षे ठरू शकतात.

इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या विभागात चित्र निराळे असते. तिथे अंगावरची स्थिर वीज हा शत्रू. आत जाण्याआधी विशेष कोट आणि चपला घालायच्या, मनगटाला तारेचा पट्टा बांधायचा, तपासणी यंत्रावर बोट ठेवायचे आणि हिरवा दिवा लागला तरच पुढे जायचे. हॉल थंड, स्वच्छ आणि उजेडाचा असतो. ऊसतोडीच्या किंवा कांदा काढणीच्या उन्हातून आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी याचेच अप्रूप वाटते. डोळ्यांवरचा ताण, सतत उभे राहणे किंवा मान खाली घालून बसणे आणि लघवीला जायचे तर रिलीव्हर येईपर्यंत थांबणे यांची जाणीव पुढच्या आठवड्यांत होते.

काम बहुतेक ठिकाणी तीन पाळ्यांत चालते : फर्स्ट, सेकंड आणि नाईट. फर्स्ट शिफ्टसाठी कंपनीची बस भल्या पहाटे गावच्या फाट्यावर येते. ती चुकली की त्या दिवसाची हजेरी जाते. पाळी ठरावीक दिवसांनी बदलते, म्हणजे झोपेचे घड्याळही बदलते. नाईट करून आलेल्याला कारेगावातल्या पत्र्याच्या खोलीत भर दुपारी झोपावे लागते. एका खोलीत चार-पाच जण राहात असतील आणि त्यांच्या पाळ्या वेगळ्या असतील, तर एकाच गादीवर आलटून-पालटून झोपण्याची वेळ येते. कँटीनचे जेवण, गणवेश, सुरक्षा बूट आणि बस यांचे मोल कामगार मान्य करतात. गावातल्या किरकोळ नोकरीत यांपैकी काहीच मिळत नाही.

हजेरीपटांची उतरंड

बाहेरून एकच दिसणारा कामगारवर्ग आत चार-पाच थरांत विभागलेला असतो.

सर्वांत वर कायम कामगार. त्यांचा पगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यातल्या वेतन कराराने ठरतो. हे करार साधारण तीन-चार वर्षांसाठी होतात. या कामगारांना बँक घरासाठी कर्ज देते, सोसायटी उभे करते आणि सोयरिकीत मान मिळतो.

दुसरा थर ठरावीक मुदतीच्या कामगारांचा. ते कंपनीच्याच पटावर असतात, पण एक, दोन किंवा तीन वर्षांसाठी.

तिसरा थर कंत्राटी कामगारांचा. त्यांचे नाव ठेकेदाराच्या पटावर असते आणि पगार, भविष्यनिर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा हे सारे त्याच्यामार्फत येते. ठेकेदार बदलला की कामगार तोच, यंत्र तेच, पण नोकरी मात्र कागदोपत्री नव्याने सुरू होते.

चौथा थर प्रशिक्षणार्थींचा. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार मोठ्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. कायद्याच्या दृष्टीने ते शिकणारे असतात आणि त्यांना पगाराऐवजी विद्यावेतन मिळते. ‘नीम’ ही केंद्राची प्रशिक्षणार्थी योजना मध्यंतरी या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी उत्तीर्णांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले.

शेवटचा थर लाइनच्या बाहेरचा : माल चढवणारे-उतरवणारे, सफाई, सुरक्षा, कँटीन आणि बसचालक. जमीन गेलेल्या किंवा शेजारच्या गावांतल्या अनेकांचा कंपनीशी संबंध या थरातून येतो, कधी कामगार म्हणून तर कधी ठेकेदार म्हणून.

कायद्याची चौकट

या उतरंडीला कायद्याचा मोठा इतिहास आहे. महाराष्ट्रात लागू असलेल्या आदर्श स्थायी आदेशांनुसार मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस सेवा झालेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. १९७१च्या महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्याने, कायमपणाचे लाभ टाळण्याच्या हेतूने कामगाराला वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही अनुचित प्रथा ठरवली. २४० हा आकडा त्यामुळे कामगारांच्या रोजच्या बोलण्यात आला. सहा-सात महिन्यांनी कामावरून कमी करायचे आणि काही दिवसांनी पुन्हा घ्यायचे, याला सगळीकडे ‘ब्रेक देणे’ म्हणतात.

कंत्राटी कामगारांसाठी १९७०चा नियमन आणि निर्मूलन कायदा होता. एखाद्या कामातली कंत्राटी पद्धत सरकारने बंद केली तर तिथले कामगार आपोआप मूळ कंपनीचे होतील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडिया खटल्यात दिला. २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने तो फिरवला : आपोआप समावेशन होणार नाही, मात्र कंत्राट निव्वळ दिखाऊ असल्याचे सिद्ध झाले, तर कामगार मूळ मालकाचे मानले जातील. तेव्हापासून ‘दिखाऊ’ कशाला म्हणायचे यावर कामगार न्यायालये आणि औद्योगिक न्यायालयांत वाद चालत आले आहेत. महाराष्ट्राने पुढे १९७०चा हा कायदा लागू होण्याची मर्यादा २० कामगारांवरून ५० वर नेली.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने चार कामगार संहिता अमलात आणल्या. त्यांत कंत्राटी कामगारांना मूळ उत्पादनाच्या कामावर ठेवण्यास मनाई आहे, पण तिला अपवादही आहेत. ठरावीक मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन-लाभ आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगीची अट आता १०० ऐवजी ३०० कामगारांच्या आस्थापनांपासून लागू होते. संपाआधी नोटीस देणे सगळ्याच उद्योगांत बंधनकारक झाले.

भूमिका

व्यवस्थापनांची बाजू मुख्यतः हंगामावर उभी आहे. फ्रीज आणि एसीची मागणी उन्हाळ्याआधी वाढते आणि पावसाळ्यात घटते. दिवाळीला पुन्हा एक लाट येते. वर्षभर एकच संख्या कायम ठेवली, तर मंदीच्या महिन्यांत माणसे रिकामी राहतात आणि माल महाग होतो, असे ते सांगतात. चीन, व्हिएतनाम आणि थायलंडशी स्पर्धा करायची तर मनुष्यबळ लवचीक हवे, हा त्यांचा दुसरा मुद्दा. पुणे परिसरातल्या उद्योजकांची आणखी एक जुनी तक्रार आहे. १९६९चा माथाडी कायदा हमालांच्या संरक्षणासाठी झाला, पण त्याच्या नावाखाली बनावट संघटना ठेके आणि पैसे मागतात, असे त्यांचे म्हणणे आहे. सरकारनेही या तक्रारीची वेळोवेळी दखल घेतली आहे.

कामगार संघटना हंगामाचा युक्तिवाद पूर्णपणे नाकारत नाहीत. लाइन बाराही महिने चालते आणि तिच्यावरची ठरावीक संख्या बाराही महिने लागते, मग तेवढ्या जागा तरी कायम का नाहीत, असा त्यांचा प्रश्न आहे. समान कामाला समान वेतन ही त्यांची मूळ मागणी. कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थींची संख्या वाढली की कायम कामगारांच्या संघटनेची वाटाघाटीतली ताकद घटते, हेही त्या दाखवून देतात. मात्र संघटनांवरही एक आक्षेप घेतला जातो : बहुतेक करार कायम सभासदांपुरतेच होतात आणि कंत्राटी कामगार त्यांच्या बाहेर राहतो. हा आक्षेप संघटनांच्या चळवळीतूनच पुढे आलेला आहे.

देशातल्या इतर इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांतल्या घटनांनी या दोन्ही बाजूंना उदाहरणे पुरवली. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकात नरसापूर येथील विस्ट्रॉनच्या कारखान्यात वेतनाच्या तक्रारींवरून तोडफोड झाली. तिथले बहुसंख्य कामगार मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदारांच्या पटावर होते. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ मध्ये तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरच्या सॅमसंग कारखान्यात संघटनेच्या मान्यतेसाठी ३७ दिवसांचा संप झाला. त्यात अग्रभागी कायम कामगार होते. पहिल्या घटनेत मुद्दा हजेरीपटाचा, दुसऱ्या घटनेत आवाजाचा. रांजणगावच्या चर्चेत हे दोन्ही एकत्र येतात.

गावांची भूमिका भूमिपुत्रांच्या हक्काची आहे. राज्याच्या धोरणानुसार उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांवर किमान ५० टक्के आणि इतर जागांवर ८० टक्के स्थानिक घ्यावेत. नोव्हेंबर २००८च्या शासन निर्णयात हे पुन्हा स्पष्ट करण्यात आले. इथे ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी. नांदेड किंवा यवतमाळचा मुलगाही त्यात बसतो. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या कारेगाव-ढोकसांगवीच्या घरांना स्थानिक म्हणजे आपण, असे वाटते. दुसरीकडे गावांचे उत्पन्न आता बाहेरून आलेल्या कामगारांवरही अवलंबून आहे. शेतात बांधलेल्या खोल्यांचे भाडे, मेस, किराणा आणि पाण्याचे टँकर हे सारे मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेल्या मुलांच्या पगारावर चालते. गावकऱ्याचे हित म्हणूनच एकसंध नाही. घरातल्या मुलाला नोकरी हवी आणि खोल्याही भरलेल्या हव्यात, अशा दोन्ही इच्छा एकाच उंबऱ्यात नांदतात.

तरुण कामगारांचे म्हणणे मेळाव्यांतून क्वचित ऐकू येते; ते त्यांच्या निवडींतून वाचावे लागते. बागायती शेती असलेला दौंडकडचा मुलगा ब्रेक मिळाला की उसाकडे वळतो आणि हंगामात परत येतो. त्याला लवचीकता पुष्कळदा सोयीची वाटते. जिरायती गावातल्या किंवा भूमिहीन घरातल्या मुलाला तीच लवचीकता टांगणीला लावते. एकाच नियमाचा परिणाम घरच्या जमिनीनुसार बदलतो, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या सरसकट युक्तिवादांतून निसटते.

स्त्रिया आणि रात्रपाळी

१९४८च्या कारखाने कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कारखान्यात काम करण्यास मनाई केली होती. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने वाहतूक, सुरक्षा आणि स्वतंत्र सोयींच्या अटींवर ही मनाई शिथिल केली. नव्या संहितेत स्त्रीची संमती ही मुख्य अट आहे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये जगभर स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात आणि तिसऱ्या टप्प्यातल्या समूहामुळे हा प्रश्न इथेही महत्त्वाचा होणार आहे.

समर्थकांच्या मते रात्रपाळी बंद ठेवणे म्हणजे निम्म्या जागा स्त्रियांना बंद ठेवणे. टीकाकार अंमलबजावणीकडे बोट दाखवतात : बस फाट्यापर्यंत येते, पण फाट्यापासून वस्तीपर्यंतचे दोन किलोमीटर कोणाच्या जबाबदारीचे? घरचा स्वयंपाक, मुले आणि जनावरे यांचे काम पाळीनुसार बदलत नाही, हाही मुद्दा आहे. बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृहे हा एक उपाय सुचवला जातो. डिसेंबर २०२१ मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ फॉक्सकॉनच्या कामगार मुलींच्या वसतिगृहात अन्नातून विषबाधा झाली, आंदोलन झाले आणि कारखाना काही काळ बंद राहिला. निवास हाही कामाच्या स्थितीचाच भाग आहे, हे त्या घटनेने देशापुढे आले.

सॉफ्टवेअरची वाट

पुण्यात टाटा समूहाचे संगणक संशोधन केंद्र १९८१ मध्ये आणि पर्सिस्टंट कंपनी १९९० मध्ये सुरू झाली. पुढे हिंजवडी, मगरपट्टा आणि खराडी येथे सॉफ्टवेअरच्या मोठ्या वसाहती झाल्या. खराडी शिरूरच्या रस्त्यावरच आहे. २०१७ मध्ये पुणे-दौंड मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि डेमू गाड्या सुरू झाल्या. केडगाव, यवत, उरुळी ते हडपसर हा रोजचा प्रवास त्यामुळे अधिक आवाक्यात आला, तरी गर्दी आणि वेळापत्रकाच्या तक्रारी कायम आहेत.

इथल्या कामात लाइन नसते, प्रकल्प असतो. कर्मचाऱ्याचे तास ग्राहक कंपनीच्या नावे लावले जातात. प्रकल्प नसला की कर्मचारी ‘बेंच’वर. टीसीएसने जून २०२५ पासून वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामाचे आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस असा नियम केला. कायम नोकरीच्या आतही मुदतीची भावना असते, हे अशा नियमांवरून दिसते. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. पुण्यातल्या ‘नाइट्स’ या माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. सॉफ्टवेअर अभियंता कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ आहे की नाही, हा मुद्दा अशा प्रत्येक वेळी उभा राहतो. प्रत्यक्ष पर्यवेक्षण न करणारा अभियंता कामगारच आहे, असे संघटना मानतात. कंपन्या त्याला व्यवस्थापनाच्या बाजूला धरतात.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शेकडो अभियंते गावी परतले. पाटावरच्या घरात बसून परदेशी बँकेचे काम करता येते, हे घरच्यांनी डोळ्यांनी पाहिले. वीज गेली की मीटिंग अर्धवट तुटते, हेही पाहिले. ती सवलत पुढे बहुतेक कंपन्यांनी कमी केली. कारखान्याप्रमाणे इथेही बाहेरच्या पटावरची माणसे असतात : ठेकेदार संस्थेमार्फत आलेले अभियंते, सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी आणि कॅबचालक. गळ्यातल्या ओळखपत्राच्या फितीचा रंग अनेक ठिकाणी पट सांगून जातो.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न ठरावीक मुदतीच्या नोकरीचा. ती कंत्राटी पद्धतीची जागा घेणार की कायम नोकरीची? पहिले झाले तर कामगाराची स्थिती सुधारेल, दुसरे झाले तर घसरेल. संहितेच्या शब्दांत दोन्ही शक्यता आहेत.

दुसरा प्रश्न तासांचा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. ओव्हरटाइमसाठी कामगाराची संमती लागेल. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असल्याने अनेक कामगारांना जादा तास हवेच असतात. ज्याच्या नेमणुकीचे नूतनीकरण ठेकेदाराच्या हाती आहे, त्याची संमती किती मोकळी असेल, हा त्यावरचा आक्षेप आहे.

तिसरा प्रश्न कौशल्याचा. स्क्रू लावणारा ब्रेझिंगवर आणि तिथून देखभाल विभागात कसा जाईल, याची ठरलेली शिडी बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. शिरूर तालुक्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करत तंत्रज्ञान शिकण्याची त्याची पद्धत देशभर नावाजली गेली. आयटीआय, असे प्रयोग आणि वसाहतीतल्या कंपन्या यांची नियमित सांगड घातली जावी, अशी मागणी आहे. यंत्रमानव लाइनवर येत असताना तिचे महत्त्व वाढले आहे.

चौथा प्रश्न आरोग्याचा. खांदा, कंबर, झोप आणि ऐकू येणे यांवरचे परिणाम हळूहळू होतात. तोवर कामगार दोन-तीन ठेकेदार बदललेला असतो, मग जबाबदारी कोणाची? राज्य विम्याची मोठी रुग्णालये बिबवेवाडी आणि चिंचवडच्या मोहननगरला आहेत. रांजणगावहून तिथे जाऊन येण्यात दिवस मोडतो आणि हजेरीही. शिवाय वेतन २१,००० रुपयांच्या वर गेले की नियमाप्रमाणे विम्याचे छत्र संपते.

पाचवा प्रश्न निवासाचा. खोल्या, सांडपाणी, कचरा आणि पाणी यांचा भार ग्रामपंचायतींवर आहे. वसाहत महामंडळाची, कामगार ठेकेदाराचे आणि खोल्या खासगी, त्यामुळे जबाबदारी तिघांत विखुरते.

या सर्व प्रश्नांच्या मुळाशी मोजणीचा प्रश्न आहे. भांडवली बाजार नियामक ‘सेबी’ने सर्वांत मोठ्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून कायम आणि कायम नसलेले कामगार वेगळे दाखवणे बंधनकारक केले. ‘पर्मनंट आहे का?’ हा सोयरिकीतला प्रश्न अशा रीतीने वार्षिक अहवालात पोचला. मात्र हे आकडे संपूर्ण कंपनीचे असतात. रांजणगावचा आकडा त्यात वेगळा कळत नाही. ज्या परदेशी कंपन्यांचे भारतीय समभाग बाजारात नाहीत, त्यांना हा नियम लागूच नाही. कारखानानिहाय आणि हजेरीपटनिहाय मोजणी जाहीर होईल, तेव्हा व्यवस्थापन, संघटना आणि गावे यांच्या दाव्यांची पडताळणी एकाच कागदावर करता येईल.